तलंगा म्हणून दिलेले कोंबडे

सुलक्षणाच्या परसात पहिला कोंबडा आरवला, तेव्हा ती हसली होती. एवढ्या पिल्लांत एखादा नर निघायचाच. चार दिवसांनी दुसरा आरवला, मग तिसरा. महिना संपेपर्यंत परसातलं एकूणएक पिल्लू मान ताणून ओरडायला लागलं, आणि तिचं हसू पार आटलं.

पिल्लं तिच्या सख्ख्या भावाने दिली होती. पियुष धुळ्याला देवपुरात राहायचा आणि गावोगावी पिल्लं पुरवायचा. असोद्याला बहिणीच्या ओट्यावर बसून, चहा पीत त्याने सांगितलं होतं, "ताई, एकेक निवडून आणलीय. सगळ्या तलंगा, एक पण नर नाही. दिवाळीपर्यंत अंडी ठेवायला टोपली पुरणार नाही." सुलक्षणाने तेच शब्द गल्लीतल्या बायकांना सांगितले. तिच्या शब्दावर घरोघरी पिल्लं गेली. शेजारच्या मोहिनीने तर नवऱ्याशी भांडून घेतली.

आता गल्लीभर कोंबडेच कोंबडे होते. पहाट म्हणू नका, दुपार म्हणू नका, एकाने सुरुवात केली की बाकीचे लागलेच. आरवण्याचं एक वेळ चाललं असतं, पण ते एकमेकांना फाडून खात होते. सुलक्षणाच्या जुन्या गावरान कोंबड्यांच्या पाठीवर पिसं उरली नव्हती. तिने तुरीच्या काड्यांचे आडोसे उभे केले, एकाला दुसरा दिसू नये म्हणून त्यांवर पोती टाकली. दाणा चार ठिकाणी, पाणी चार ठिकाणी ठेवलं. मेथीची जुडी उंच टांगली, म्हणजे उड्या मारून दमतील. सगळ्यात खुनशी होता त्याला डालग्याखाली कोंडलं. रोज कुणाच्या तरी तुऱ्याला हळद लावावी लागे, आणि हळद लावता लावता ती भावाला शिव्या घाली.

तिचा नवरा गिरधर म्हणायचा, "भाऊ हाये तुहा. जाऊ दे आता."

"भाऊ हाये म्हणूनच नाही जाऊ देत," ती म्हणायची.

तिने पियुषला फोन केला. तो हसला. "अगं, पिल्लांचं आधी काय सांगता येतं? देवाची करणी."

"एक पण मादी नाही निघाली, पियुष. पुऱ्या गल्लीत एक पण नाही."

"मग कापून खा. गावठी रश्श्याला काय कमी मागणी आहे?" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

त्याच दुपारी मोहिनी पदरात कोंबडी घेऊन दारात आली. कोंबडीची मान सोलून निघाली होती. आठ वर्षांच्या शेजारात मोहिनीने कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. नुसतं विचारलं, "सुलक्षणा, खरं सांग. तुले माहीत होतं का?"

सुलक्षणा हळदीचा डबा आणायला आत वळली. ती बाहेर येईपर्यंत मोहिनी निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणाने चार कोंबड्यांचे पाय जुन्या पातळाच्या चिंध्यांनी सैलसर बांधले, दोन टोपल्यांत घातले आणि जळगावहून धुळ्याची एसटी धरली. कंडक्टर कुरकुरला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने मागच्या सीटकडे बोट दाखवलं. पारोळ्याच्या पुढे एक कोंबडा आरवला आणि सगळी गाडी हसली. तिला मात्र कानशिलं तापल्यासारखी वाटली.

देवपुरातलं दार भावजयीने, पुनमने उघडलं. पियुष आत जेवत होता. टोपल्या बघून पुनम गोंधळली. "ताई, हे परत का आणलेत? तुम्हाला नरच हवे होते ना?"

"मला?"

"हे तर म्हणाले, ताईला बाजारात विकायला नर हवेत. म्हणून त्या उबवणीवाल्याने वेगळे काढलेले सगळे तुमच्याकडेच…" नवऱ्याचा चेहरा बघून ती मधेच थांबली.

पियुष ताटावरून उठला होता. "ताई, बस ना. पाणी घे."

सुलक्षणा बसली नाही. ती खाली वाकली आणि एकेक चिंधी सोडायला लागली. पहिला कोंबडा सोफ्यावर चढला. दुसऱ्याने शोकेसच्या काचेत स्वतःलाच पाहिलं आणि पिसं फुलवून काचेवर झेप घेतली. आतल्या बाहुल्या आडव्या झाल्या. तिसऱ्या-चौथ्याची टीव्हीखाली जुंपली.

"अगं, वेड लागलंय का तुला?" पियुष ओरडला.

"मले वेड लागलं?" चिडली की ती असोद्याची बोली बोलायची. "कुणी विचारत नाही ती पिल्लं तू सख्ख्या बहिणीच्या गळ्यात मारली. ते पण गिळलं असतं मी. पण माह्या तोंडानं गल्लीले फशिवलं तू! मोहिनी आता माह्याकडे चोरासारखी पाहते!"

"धंद्यात होतं असं कधी कधी."

"मी तुहा धंदा नाही! मी तुही बहीण हाये!"

पुनम दाराशी उभी राहून रडायला लागली. पियुष कोंबड्यामागे धावत होता, कोंबडा त्याच्या हाती लागत नव्हता. सुलक्षणा मग शांतपणे म्हणाली, आणि त्या शांतपणाचीच पियुषला जास्त भीती वाटली, "असोद्याला ये. सगळ्यांसमोर सांग, की ताईला काही माहीत नव्हतं."

"बायकांसमोर उभा राहू?"

"बायकांनाच फसवलंस ना?"

टोपल्या उचलून ती दाराबाहेर पडली. पायरीवरून मात्र मागे वळली. "हे चौघे आता तुझ्याकडे. एकत्र ठेवू नको, मरतील. लाल तुऱ्याच्या मोठ्याला वेगळं पाणी दे."

पियुष आला, पण पंधरा दिवसांनी. तोही पुनमने त्याचं घरातलं जेवण बंद केलं तेव्हा. टेम्पोत अंड्यावर आलेल्या कोंबड्या होत्या. गल्लीतल्या बायका ओट्यांवर जमल्या. पायाच्या अंगठ्याने माती उकरत तो पुटपुटला, "चूक माझी होती. ताईला माहीत नव्हतं."

"मोठ्यानं बोल," मोहिनी म्हणाली.

तो पुन्हा मोठ्याने बोलला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी माफही केलं नाही. बायकांनी एकेक कोंबडी उलटीपालटी करून पाहिली, घेतली, आणि आपापले कोंबडे आणून रिकाम्या टेम्पोत कोंबले. सुलक्षणाने अंगावर न येणारा एक कोंबडा आपल्या कोंबड्यांसाठी ठेवून घेतला. बाकीचे तिने स्वतः उचलून दिले. पिल्लं असताना तिने त्यांना बल्बखाली रात्रंदिवस जपलं होतं. एकेकाला हातातून सोडण्याआधी ती त्याच्या तुऱ्यावरची हळद बोटाने पुसत होती.

मोहिनी जाता जाता तिच्याजवळ थांबली. "त्या दिवशी मी विचारायले नको होतं."

"विचारायलेच पाहिजे होतं," सुलक्षणा म्हणाली. तिला मोहिनीचाही थोडा राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही.

गल्ली रिकामी झाल्यावर पियुषने टेम्पोच्या पुढच्या सीटवरून एक झाकलेली पेटी काढली. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तुझ्यासाठी चार जास्त ठेवल्यात. एकदम भारी जातीच्या. कुणाला सांगू नको."

सुलक्षणाने पेटी उचलली, परत सीटवर ठेवली आणि टेम्पोचं दार इतक्या जोरात आपटलं की आतले सगळे कोंबडे एकदम ओरडले.

"जा," ती म्हणाली. "आणि या दिवाळीला भाऊबीजेची वाट बघू नको."