अंगठ्याखालचा उजेड

नाटे गावातल्या आमच्या घरी त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पडवीत, अंगणात, अगदी जाळ्यांच्या ढिगावरही माणसं! आत बंद खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधलेले माझे आबा, आणि सोबतीला मी. एकवीस दिवस काळोख, खिडकी उघडायची नाही, ही माशाच्या लेपाने नजर देणाऱ्या मत्स्यबुवाची अट. तो नववा दिवस. माझी शाळा बुडालेली, जीव गुदमरलेला. त्यात आबांचे काचबिंदूचे थेंब बुवाने पहिल्याच दिवशी बंद करवलेले.

डॉक्टर बजावून म्हणाले होते, "गेलेली नजर येणार नाही. पण थेंब सोडलेत तर उरलेलीही जाईल."

बरणीत मासा घेऊन बुवा खोलीत शिरला. दारात गर्दी दाटली.

"आंधळ्या माशाला नजर परत येते! त्याच्याच डोळ्याचा लेप आहे हा! बोल धाकू," त्याने आबांच्या पट्टीवर अंगठे दाबले, "दिसला उजेड?"

"दिसला, बुवा! पिवळं कडं दिसलं!"

दारातल्या हौसाआत्याने हात जोडले. बाहेर जयजयकार.

पण आदल्याच दिवशी कंटाळून मी डोळे चोळले होते, तेव्हा तसंच कडं मलाही दिसलं होतं!

"आत्ये, डोळे मीट."

"कशाला गो?"

"मीट तर!" मी तिच्या पापणीच्या कोपऱ्यावर हलकेच बोट दाबलं.

"अगो बाय! कडं!"

"तुला कुठे लेप लावलाय?"

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. बुवा तापला. "मग मासा खोटा काय?"

"मासा खरा! शमीम मॅडमनी शिकवलंय. माशाच्या डोळ्याच्या पडद्यातल्या चेतापेशी मेल्या, तर त्यांना आधार देणाऱ्या पेशी नव्या तयार करतात. आधारपेशी आपल्याही डोळ्यात आहेत, पण त्यांना ते जमत नाही. आणि लेप लावून जमणारही नाही. जन्मभर बांगडे खातोय, कुणाला कल्ले फुटले?"

आता सगळेच हसले. "श्रद्धा नाही तिथे गुण नाही," म्हणत बुवाने बरणी उचलली आणि वाट धरली.

मी धाडकन खिडकी उघडली. आबांनी स्वतःच पट्टी सोडली.

"ज्ञानेश्वरी, तू दिसतेस गो. पण बाजूची दाराची चौकट... ती आधी दिसायची ना?"

 मी थेंबांची बाटली शोधून आणली.

डोळा दाबला की पडद्यातल्या चेतापेशी मेंदूला उजेडाचा खोटा निरोप धाडतात, एवढंच. त्यात बुवाचं काही नाही. काचबिंदू असेल तर डोळा दाबूही नका. आणि कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. आम्ही विचारलं असतं, तर आबांना कदाचित ती चौकट अजून दिसली असती.