किल्ला लांबूनच

होडीच्या काठाला हात टेकून रंगूनं पाय उचलला, तेवढ्यात नामा नाखवा म्हणाला,

"जरा थांब गो बाय. तुमच्यात पोटुशी कोन हाय का?"

रंगूचा पाय अधांतरीच राहिला. जंजिरा बघायला निघालेली सात-आठ माणसं आधीच होडीत दाटीवाटीनं बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"होडीला काय व्हत न्हाय," नामा समजुतीच्या सुरात म्हणाला. "बाईलाच दर्या सोसत न्हाय. म्हनून इचारतो."

"न्हाय," रंगू म्हणाली.

म्हणाली आणि तिच्या अंगावर सरकन काटा आला. पोटात असलेल्या जिवाला तिनं चारचौघांत, भर समुद्रासमोर नाही म्हटलं होतं.

पहिल्या खेपेला तिनं सासूला सांगितलं होतं. सोनाबाईच्या तोंडात तीळ भिजायचा नाही; दिवस मावळायच्या आत सगळ्या वाडीला कळलं, आणि महिनाभरात सगळं संपलं. दुसऱ्या खेपेला तिनं फक्त नवऱ्याच्या कानात सांगितलं. तेही राहिलं नाही. दोन्ही वेळा अंबाजीनं फडक्यात गुंडाळलेलं ते एवढंसं काहीतरी शेताच्या बांधाकडं नेलं, आणि परत आल्यावर विहिरीपाशी बसून तो किती वेळ हात धूत राहिला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. या खेपेला तिसरा महिना सरेपर्यंत देवालासुद्धा सांगायचं नाही, असं रंगूनं ठरवून टाकलं होतं.

आणि नेमकं आत्ताच अंबाजीनं मुरूड दाखवायचं काढलं. बायकोचा उतरलेला चेहरा बघून बिचाऱ्याला वाटलं, ही मनानं खचलीय, चार जागा बघून हिला बरं वाटेल. नको म्हणावं तर का ते सांगावं लागणार, आणि जावं तर वाटेत खाडी; पोटुशीनं पाणी ओलांडू नये, हे तर वाडीतलं पोरगंही सांगेल. इकडे आड, तिकडे विहीर. सकाळी दिघीहून राजपुरीला येताना तिनं डोळे गच्च मिटले होते आणि पदराआडून मूठभर तांदूळ खाडीत सोडले होते. हवं तर मला घे, पण हे राहू दे, एवढंच ती मनात म्हणत होती.

मग टेकडीवरचं दत्ताचं देऊळ झालं. नबाबाचा वाडा झाला, तो अर्थात फाटकाबाहेरूनच. मुरूडचा बाजार झाला, आणि किल्ल्यासाठी दोघं पुन्हा राजपुरीच्या किनाऱ्यावर आली. अंबाजी पोरासारखा हरखून गेला होता. "माज्या आज्यानं जल्मभर नबाबाला सारा भरला," तो दर थोड्या वेळानं म्हणायचा. "आता त्याचा किल्ला तरी बघू." रंगू मान डोलवायची. देवळाच्या पायरीवरून सगळ्यांना पोफळी-माडांची हिरवीगार वाडी दिसली. तिला दिसला तो पाण्यात उभा असलेला काळा किल्ला आणि त्याच्या चहूकडचं पाणी.

"चढ की गो बाय," होडीतून कुणीतरी म्हणालं. "ओहोटी लागंल."

आता खरं सांगावं तर या परक्या माणसांच्या तोंडी ते जाणार. न सांगता चढावं तर समुद्र. रंगूला घाम फुटला. अंबाजी मागं गुडघाभर पाण्यात, वहाणा हातात घेऊन उभा होता. तो तिच्या चेहऱ्याकडं बघत नव्हता. तिनं त्याच्या नजरेच्या रोखानं खाली पाहिलं. तिचा हात केव्हा होडीवरून सुटून ओटीपोटावर आला होता, ते तिलाच कळलं नव्हतं. तिनं तो झटकन काढला.

"नाखवा, तुमी व्हा फुडं," अंबाजी म्हणाला. "मला बोट लागते."

होडीत एकच हशा पिकला.

"सकाळी दिघीवरनं आलास तो काय चालत?" नामा म्हणाला. "तवा न्हाय लागली?"

"तवाच लागली. अजून गरगरतंय."

रंगू त्याच्याकडं बघतच राहिली. लग्नाआधी मुंबईच्या गोदीत असताना हा दर शिमग्याला आगबोटीनं यायचा. भर उधाणात सगळे लोक ओकत असताना आपण एकट्यानं भाकरी-बोंबील कसे हाणले, हे त्यानं तिला निदान वीस वेळा तरी सांगितलं होतं.

"बायको धीट नि नवरा भित्रा!" कुणीतरी म्हणालं. अंबाजी रागावला नाही. त्यानं तिचं कोपर धरलं आणि काठोकाठ भरलेली घागर न्यावी तसं तिला जपत कोरड्या वाळूवर आणलं.

शीड फुगलं. होडी किल्ल्याकडं लहान लहान होत गेली. अंबाजीनं तिचं कोपर अजून सोडलं नव्हतं. ते बघून रंगूला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिची भीती दुप्पट झाली. आता हे दोघांना ठाऊक होतं. गेल्या खेपेलाही दोघांनाच ठाऊक होतं.

उन्हं कलली तसा दिघीच्या होडीवाल्यानं पुकारा केला. रंगू उठली. घरी तर जायला हवं होतं.

"त्या होडीनं न्हाय जायाचं," अंबाजी म्हणाला. "आज मुरूडलाच ऱ्हाऊ. सकाळच्या एस्टीनं रोहा, मग मानगाव, म्हसळा."

"केवडा येढा! घरी आत्याबाई काय म्हनतील?"

"म्हनू दे."

ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "त्या वाटंला पन नद्या हायेत."

याहून जास्त बोलायची तिची छाती नव्हती. अंबाजी विचारात पडला. खाली बघत त्यानं ओल्या पायानं वाळू उकरली.

"पुलावरनं गेलं तर चालतं, म्हनतात."

असं कुणी म्हणत असल्याचं रंगूनं जन्मात ऐकलं नव्हतं.

"कोन म्हनतं?"

"मी म्हनतो," तो म्हणाला.