दोन रेघांचा पूर

दगडी रस्त्यावर बाबागाडी चालत नाही, हे मी घरातून निघतानाच सांगितलं होतं. पण आमच्या घरात माझं बोलणं म्हणजे पंख्याचा आवाज, बंद पडला तरच लोकांच्या लक्षात येतो. त्यामुळे नदीकाठच्या त्या जुन्या गावात गाडीतून उतरल्यापासून माझा मुलगा घडी केलेली बाबागाडी खांद्यावर घेऊन चालत होता आणि सून चार वर्षांच्या मनीला कडेवर घेऊन. मी टिल्लूचा हात धरला होता. टिल्लू सात वर्षांचा आहे आणि हात धरून चालायचं आपलं वय सरलं, असं त्याचं ठाम मत आहे.

सहल सुनेने ठरवली होती. मुलांना इतिहास दाखवायला हवा, नुसतं फोनमध्ये डोकं घालून बसतात, असं ती जेवताना म्हणाली आणि तिने या गावाचं नाव घेतलं. माझा घास हातातच राहिला.

"आई, तुम्ही तिथल्याच ना? हे म्हणाले होते एकदा."

"हो, जन्म तिथलाच."

"मग छानच झालं की. मुलांना तुमचं घरही दाखवा."

मुलाने तेव्हा घाईघाईने मीठ मागितलं. मीठ त्याच्या समोरच होतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण मला नुसता आनंद झाला होता. माझ्या वयाला असा आनंद क्वचित होतो, त्यामुळे तो झाला की माणूस जरा बावळट होतो.

मला त्या गावात फक्त एक गोष्ट करायची होती. टिल्लूला आमच्या घरातल्या खांबाला टेकून उभं करायचं होतं.

माझे वडील होड्यांच्या फटी बुजवायचे. फळ्यांच्या सांध्यांत पटाशीने दोरखंडाचे धागे ठासायचे आणि वरून डांबर ओतायचं, हे त्यांचं काम. घर म्हणजे एक खोली आणि मागे अंधारी कोंदट अर्धी खोली. समोरच्या खोलीत मधोमध एक लाकडी खांब होता. आमच्या वाढदिवसाला वडील आम्हाला त्या खांबाला टेकून उभं करायचे आणि त्याच पटाशीने डोक्यावर रेघ कोरायचे. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून नाव नाही की तारीख नाही, नुसती रेघ. माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, त्यामुळे त्याची रेघ कायम माझ्या खाली. एकदा तो या गोष्टीवरून इतका रुसला की जेवेना. वडिलांनी हसून त्याच्या रेघेखाली बोटभर अंतरावर आणखी एक रेघ कोरली. "हिची एक, तुझ्या दोन. झालं समाधान?" तेव्हापासून त्याच्या दर वर्षी दोनच.

त्याच्या रेघा सातव्या वाढदिवसापर्यंत आहेत. पुढच्या उन्हाळ्यात त्याला ताप आला. त्या वर्षी नदी इतकी आटली होती की पोरं चपला हातात घेऊन पलीकडे चालत जायची. तो मागच्या खोलीत पडून होता आणि पाणी पाणी करत होता. मग एके दिवशी सकाळी तो नव्हता. माझ्या रेघा मात्र त्याच्या वर चढत राहिल्या. वडील रेघ कोरायचे आणि आई तोंड फिरवून चुलीकडे बघायची. मी बारा वर्षांची असताना नगरपालिकेने गल्ली रिकामी केली. घरं ओली आहेत, माणसांनी राहण्याजोगी नाहीत, असं सांगून आम्हाला टेकडीमागच्या इमारतींत नेऊन टाकलं.

धाकट्याचा एकही फोटो नाही. आईवडील गेले. मी गेले की तो होता हे सांगणारंही कोणी उरणार नाही. आणि टिल्लूचे कान थेट त्याच्यासारखे, कपाच्या कानासारखे बाहेर आलेले. म्हणून मला त्याला तिथे उभं करून सांगायचं होतं, की बघ, माझा भाऊ एवढा होता, अगदी तुझ्याएवढा.

माझ्या मुलाला हे सगळं ठाऊक होतं. आमच्या भाड्याच्या खोलीत स्वयंपाकघराच्या दारावर मी पेन्सिलीने त्याची उंची मांडायचे. तो हट्ट करायचा, "मामासारख्या दोन रेघा काढ." कधीही न पाहिलेल्या मामाच्या रेघा त्याला हव्या असायच्या.

आमची गल्ली जशीच्या तशी ठेवली आहे, असं मी ऐकून होते. जशीच्या तशी म्हणजे काय, तर डांबराचा वास नव्हता. त्याऐवजी साबणाच्या दुकानाचा होता. दारोदारी फुलांच्या कुंड्या होत्या आणि दुकानांत लाकडी खेळण्यातल्या होड्या टांगलेल्या होत्या, ज्या पाण्यात सोडल्या तर दोन मिनिटांत तळाला जातील. माहिती सांगणारी मुलगी पिवळी छत्री उंच धरून पुढे चालत होती आणि तिच्यामागे आम्ही पंधराएक माणसं. मी आयुष्यभर कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवल्या, त्यामुळे माणसाच्या चेहऱ्याआधी मला कॉलर दिसते. तिची एका बाजूला वर आली होती. मी म्हटलं, जाऊ दे, पोरगी गोड आहे.

आमच्या दाराशी छत्री थांबली.

"हे कष्टकऱ्यांचं घर," ती म्हणाली. "नदीवरची सगळ्यात गरीब माणसं या गल्लीत राहायची. आत भिंतीवर बघा, मूळची ओल मुद्दाम राखलेली आहे."

ज्या ओलीपायी आम्हाला घराबाहेर काढलं, तिचा आता मान राखतात. मला हसू आलं. आत गेले तर खोलीत दोरी बांधलेली आणि दोरीपलीकडे एक पलंग. आमच्या सात पिढ्यांत कोणी पलंग पाहिला नव्हता. कोनाड्यात तांब्याचं चकचकीत भांडंही ठेवलं होतं. आई असती तर म्हणाली असती, आधी विकून या. पण खांब तोच होता. दोरीच्या अलीकडे, हाताच्या अंतरावर. वर माझ्या रेघा, खाली त्याच्या. मी टिल्लूचा हात घट्ट धरला.

"आई, तुमचं घर इथून कुठल्या बाजूला?" सुनेने विचारलं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगा बोलला.

"आईचं घर इथे नव्हतं. पलीकडच्या काठाला होतं, मोठं. नदीकडे सहा खिडक्या होत्या. आता पाडलं ते. सांगितलं होतं ना तुला."

"हो, पण ते पाडलंय हे माहीत नव्हतं," सून म्हणाली.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो छताच्या तुळयांकडे बघत होता, जणू त्या मोजायच्या होत्या. तेव्हा मला त्या मिठाचा अर्थ लागला. सहा खिडक्या. आमच्या घराला एक होती, तीही शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडणारी.

"आता या खांबाकडे या," छत्रीवाली म्हणाली. "ही या घरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या रेघा म्हणजे पुराच्या खुणा. पाणी जिथपर्यंत चढलं तिथे लोक रेघ कोरून ठेवायचे. एक रेघ म्हणजे साधा पूर. दोन रेघा म्हणजे महापूर. ही बघा वरची दुहेरी रेघ, हा शेवटचा. त्यानंतर इथे महापूर आलाच नाही."

खालीच पाटी होती, तिच्यावरही तेच छापलेलं. साधा पूर महापुराच्या वर कसा चढला, हे कोणी विचारलं नाही.

"कोणी लहान आहे का? ये बाळा, टेकून उभा राहा. बघू तू बुडला असतास का."

टिल्लू माझा हात सोडवून धावला. खांबाला पाठ लावून, हनुवटी वर करून उभा राहिला. दुहेरी रेघ बरोबर त्याच्या डोक्यावर आली. केसाचाही फरक नव्हता.

"मी पूर्ण बुडलो असतो," तो आनंदाने म्हणाला. सगळे हसले. सुनेने फोटो काढला. मनीने मलाही बुडायचंय म्हणून भोकाड पसरलं.

दोन आठवडे मी मनात जे चित्र बघत होते, तेच समोर उभं होतं, तस्संच. फक्त त्यात माझा भाऊ नव्हता.

"पुराच्या नाहीत त्या रेघा," मी म्हटलं. "माझ्या वडिलांनी कोरल्यात, आमच्या उंचीच्या. एकेरी माझ्या. दुहेरी माझ्या धाकट्या भावाच्या. तो सात वर्षांचा असताना गेला, म्हणून त्या तिथे थांबल्यात."

छत्रीवालीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत उद्धटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"आजी, इथे येणाऱ्या बऱ्याच ज्येष्ठ मंडळींना काही ना काही आठवतं," ती हळुवारपणे म्हणाली. "आम्हाला ते ऐकायला आवडतं. पण हे जाणकारांनी तपासलेलं आहे."

मी मुलाकडे वळले. एक शब्द पुरला असता. हो, एवढाच.

"सॉरी हं," तो तिला म्हणाला. "आईचं वय झालंय. हल्ली तिचा गोंधळ होतो. चल आई, बाहेर बसू जरा."

त्याने माझं कोपर धरलं. आधार देतात तसं नाही, बाजारात हरवणाऱ्या मुलाला धरतात तसं. मी जाता जाता खांबाला हात लावायला गेले, तर कोपऱ्यातला रखवालदार म्हणाला, "मावशी, हात लावू नका, खराब होतं." मी हात मागे घेतला.

बाहेर काठावर बाकं होती. सून मनीची समजूत घालत आइस्क्रीम आणायला गेली. जाण्याआधी तिने मला पाण्याची बाटली दिली आणि ऊन लागलं का विचारलं. ती वाईट नाही. तिला जे सांगितलं, त्यावर तिने विश्वास ठेवला. टिल्लू पुढे पायऱ्यांवर खडे मारत होता. मुलगा माझ्याशेजारी बसला, मध्ये बाबागाडी ठेवून.

"तुला आठवत नाही?" मी विचारलं.

"आठवतं."

"मग?"

तो बाबागाडीचं चाक फिरवू लागला. "आई, तिच्या माहेरची माणसं तुला माहीत आहेत. लग्न ठरताना काहीतरी बोलून गेलो. मग ते तसंच राहिलं. आता सगळ्यांसमोर काय सांगू, ही ती ओल, आणि माझे आजोबा डांबर फासायचे?"

"फासायचे नाहीत, ओतायचे," मी म्हटलं. "आणि त्यांनी बुजवलेली होडी कधी गळली नाही."

"घरी गेल्यावर बोलू."

आमच्या घरी गेल्यावर काय बोलतात ते मला माहीत आहे. मी त्या चाकाकडे बघत राहिले. मला त्याचा इतका राग आला होता की रडूही येईना. वेडी ठरवल्याचं मला फारसं वाटलं नाही, म्हाताऱ्या माणसाला तेवढं सोसतं. पण त्याने स्वतः मागून घेतलेल्या रेघा पंधरा अनोळखी माणसांपुढे पुसल्या. सहा खिडक्यांसाठी त्याने आपला मामा विकला, हे मी त्याच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, कारण सून आइस्क्रीम घेऊन परत येत होती. तिला बघून मुलगा उठला आणि पुढे गेला.

टिल्लू आपला कोन घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. चाटता चाटता त्याने विचारलं.

"आजी, तुला खरंच भाऊ होता?"

"होता."

"माझ्याएवढा?"

"अगदी तुझ्याएवढा."

त्याने नदीकडे पाहिलं. पाणी संथ होतं, त्यावर सहलीच्या होड्या फिरत होत्या. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "तो त्या महापुरात बुडला का?"

मी त्याला खरं सांगणार होते. तापाचं, आटलेल्या नदीचं, मागच्या खोलीचं. पण खरं सांगितलं असतं, तर रात्री जेवताना तो ते सगळ्यांसमोर बोलला असता आणि त्याच्या बापाने ते तिथल्या तिथे पुसलं असतं. आजीचा गोंधळ होतो, बाळा. पूर मात्र कोणी पुसणार नव्हतं. पुराला पाटी होती, आणि आता फोटोही होता.

"हो," मी म्हटलं. "त्याच पुरात."

त्याचं चाटणं थांबलं. आइस्क्रीम मनगटावरून ओघळायला लागलं, तरी त्याला भान नव्हतं. माझ्या भावासाठी इतकं गंभीर झालेलं माणूस मी आईनंतर पहिल्यांदाच बघत होते.

"पाणी किती आलं होतं?"

मी रुमालाने त्याचं मनगट पुसलं. त्याला उभं केलं, खांदे सरळ केले आणि माझा हात त्याच्या डोक्यावर आडवा धरला.

"इतकं," मी म्हटलं.