अर्ध्या तासाची चाचणी

"प्लग काढू का, मॅडम?" सिस्टरने विचारलं.

"थांबा, मी काढते," म्हणाले आणि काढला.

व्हेंटिलेटर बॅटरीवर गेला. नळीला लावलेली चाचणीची रबरी पिशवी फुगत आणि बसत राहिली. अर्धा तास चालला तर पास.

ज्या यंत्रावर रुग्ण दगावतो, ते इंजिनिअरने तपासल्याशिवाय पुन्हा वॉर्डात जात नाही. इथे इंजिनिअर मी एकटीच. आणि दगावली ती माझी आई. त्यामुळे यंत्र आठ दिवस कोपऱ्यात माझी वाट बघत उभं होतं.

तिला स्कॅनला नेताना, यंत्र बॅटरीवर असतानाच ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्या धावपळीत यंत्र चालू होतं की नाही, हे कुणालाच धड आठवत नव्हतं. सगळ्यांनी डॉक्टरांचं ऐकलं. मला ते पटवून घेता येईना, कारण मागच्या महिन्यात ही चाचणी मी केलीच नव्हती. चौदा यंत्रं, प्रत्येकापुढे अर्धा तास कोण बसणार? बॅटरी किती उरली त्याचा आधीच्या महिन्याचा आकडा रजिस्टरमध्ये उतरवला आणि सही ठोकली.

आठ दिवसांत मी एकदाही रडले नाही. लोक म्हणाले, किती खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर झाले होते.

नवव्या मिनिटाला भाचीचा फोन आला.

"आत्या, आज फॉर्मची शेवटची तारीख. बायोमेडिकल इंजिनिअरिंग पहिलं टाकू का? बाबा म्हणतात, त्यात स्कोप किती ते आत्याला विचार."

"नोकरी मिळते गं. कंपनीत गेलीस तर पगार बरा, पण बॅग घेऊन वणवण. हॉस्पिटलात राहिलीस तर घरच्यांना वाटतं तू अर्धी डॉक्टर, आणि डॉक्टरांना वाटतं तू मिक्सर दुरुस्त करणारी."

ती हसली. "आणि काम कसं असतं?"

मी घड्याळाकडे पाहिलं. बारा मिनिटं.

"बरंचसं बसून राहायचं असतं. कुणी बघत नसलं तरी."

"म्हणजे सोपंय!"

"नाही गं बाई," मी म्हणाले. "पण आवडत असेल तर टाक."

वीस मिनिटं झाली. मग पंचवीस. तिसावं मिनिट उलटलं तरी पिशवी तशीच फुगत होती.

"सुटलात, मॅडम," सिस्टर म्हणाली. "मशीन ठणठणीत आहे."

हायसं वाटेल म्हणून मी थांबले. वाटलं नाही. खरं सांगायचं तर ते बंद पडावं असंच मला वाटत होतं. काहीतरी शिक्षा झाली असती, मग कदाचित रडू तरी आलं असतं.

रजिस्टरमध्ये आजचा आकडा लिहिला. मग पान मागे उलटलं, गेल्या महिन्याच्या आकड्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'चाचणी केली नव्हती.' खाली सही, तारीख.

"अहो, आता कशाला?" सिस्टर कळवळून म्हणाली. "चांगलं निघालंय ना? उगाच नोकरीवर बेतेल."

"केली नव्हती, सिस्टर."

तेवढ्यात वॉर्डातून निरोप आला, सहा नंबरला व्हेंटिलेटर हवाय, लगेच. तिने यंत्र ढकलायला घेतलं.

"डावं चाक अडतं," मी म्हणाले, "जरा उचलून घ्या." आणि ती बाहेर पडेपर्यंत दार धरून उभी राहिले.