तारखेआधीचे सहा दिवस

आमची नात दीक्षा हिचं लग्न २०२२ च्या मे महिन्यात झालं. त्याच लग्नात माझे मालक देवमन उजव्या बाजूनं आलेल्या व्याह्यांवर जाऊन आदळले आणि वर त्यांच्यावरच ओरडले, "पाहून चाला नं!"

आठ दिवसांनी अकोल्याला जठारपेठेतल्या डॉक्टरीणबाईंना डोळे दाखवले. काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब तीस, हवा एकवीसच्या आत. रोज झोपताना औषधाचा एक थेंब, तोही जन्मभर. त्यानं दाब उतरला नाही तर लेझर करू, म्हणाल्या. कापाकापी नाही, दहा मिनिटांचं काम. "गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली वाचवायची आहे," हे त्यांनी दोनदा सांगितलं.

देवमननी तीस वर्षं अंजनगाव ते अकोला काळीपिवळी जीप चालवली होती. लायसन्सच्या तपासणीआधी ते आठ दिवस लवकर झोपत, गाजरं खात, तक्त्यावरची अक्षरं पाठ करून जात. डोळ्याचा डॉक्टर म्हणजे पास व्हायची जागा, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून औषधाची बाटली कपाटात पडून राहायची आणि दर महिन्याच्या तपासणीच्या तारखेआधी सहा दिवस बाहेर निघायची.

"औषध टाकलं काय?"

"तारीख लांब हाय अजून."

"औषध तारखेसाठी हाय का डोळ्यासाठी?"

"तू डॉक्टर झाली काय वं? पंचेचाळिसाव्या वर्षी बाराखडी शिकली अन् मले शिकवून राहिली!"

शिकले होते, म्हणून तर दवाखान्यानं दिलेला कागद बोट ठेवून वाचला होता. बाटली उघडल्यावर महिन्याभरात संपवा, असं लिहिलं होतं. आमची पाच महिने पुरायची.

त्या सहा दिवसांच्या थेंबांनी तपासणीत दाब सोळा यायचा. "छान, लेझरची गरज नाही," बाई म्हणायच्या. हे मिशीला पीळ देत बाहेर पडायचे. मी शेजारी गप्प. चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? आज मला त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

दीड वर्षानं बाईंनी त्यांना एका मशीनसमोर बसवलं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याच्या वेळी हे नुसतेच बसून राहिले. बाई गोंधळल्या.

"दाब तर चांगला येतो, मग नजर का जातेय? औषध रोज टाकता ना?"

"रोज."

"खोटं हाय, म्याडम," मी म्हणाले. "सहाच दिवस टाकतात. तुमाले दाखवाले."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, मी परीक्षा घेत नव्हते हो."

त्याच दिवशी दोन्ही डोळ्यांना लेझर केलं. हनुवटी टेकवून बसले, टकटक आवाज झाला, संपलं. एवढ्याशासाठी दीड वर्ष घालवलं!

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "तू मले नापास केलं."

"दीड वर्षाआधीच कराले पायजे होतं."



मग मी रोज स्वतःच्या हातानं थेंब टाकू लागले. महिन्यानं दाब पंधरा आला, आणि या वेळी तो खरा होता. उजव्या डोळ्याला फक्त उजेड तेवढा कळायचा. डाव्यावर ते शेवटपर्यंत एकटे बाजारात जात, आणि बरं दिसतं का असं कोणी विचारलं, तर "हिले विचारा" म्हणून माझ्याकडे बोट करत.

देवमन ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, मंगळवारी, हृदयविकारानं वारले.