खोलीचं मिनिट

फिल्म शाळेत पहिल्या वर्षी शिकवलेले बहुतेक नियम मुलं महिन्याभरात गुंडाळून ठेवत. एक नियम मात्र सगळे निमूट पाळत. चित्रीकरण संपलं की सामान आवरायच्या आधी, जो जिथे आहे त्याने तिथेच उभं राहायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि त्या खोलीचा नुसता आवाज एक मिनिट भरून घ्यायचा. कोणीच बोलत नसताना खोली जशी ऐकू येते, तसा. मुलं त्याला ‘खोलीचं मिनिट’ म्हणत. पुढे संकलनात दोन वाक्यांमधल्या फटी याच मिनिटाने लिंपायच्या असतात. नाहीतर वाक्य संपलं की फिल्म एकदम मुकी होते.

मोजपट्टीने नेमकं तेच मिनिट बुडवलं होतं.

मोजपट्टी हे तिचं वर्गातलं नाव. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती इथे आली होती, आणि माइक लावण्याआधी खिशातून टेप काढून नटाच्या तोंडापासूनचं अंतर वहीत लिहायची. इतकंच नाही, तर खोलीत कोण भिंतीपासून किती अंतरावर उभं आहे तेही लिहायची. ‘कशाला गं?’ असं विचारलं तर म्हणायची, ‘माहीत नाही. असू दे.’

ध्वनी शाखेत जागा सहा आणि इच्छुक अकरा. कोणाला घ्यायचं ते वर्षअखेरच्या चार मिनिटांच्या फिल्मवर ठरणार होतं, आणि ती शुक्रवारी दुपारी बाराच्या आत जमा करायची होती. उरलेल्या पाच जणांची रवानगी निर्मिती व्यवस्थापनात, म्हणजे गाड्या सांगायला आणि डबे मोजायला. प्रयोगशाळेतली मिळालेली जागा सोडून ती आली होती ती काही डबे मोजायला नव्हे.

तिच्या गटाची फिल्म साधी होती. एक म्हातारा घड्याळजी दूर गेलेल्या मुलाला फोन करायची रंगीत तालीम करतो; एक वाक्य म्हणतो, थांबतो, बदलून पुन्हा म्हणतो. म्हणजे फिल्मभर फटीच फटी. चित्रीकरण खऱ्याच घड्याळजींच्या खोलीत झालं. एकतीस घड्याळं त्यांनी कुरकुरत बंद केली होती. शेवटचा शॉट संपला तेव्हा नटाची बस सुटायला आली होती आणि दिग्दर्शक, ज्याला सगळे लाटसाहेब म्हणत, दारात उभा राहून हात झाडत होता.

‘मिनिट राहिलंय,’ मोजपट्टी म्हणाली.

‘तुझं मिनिट होईपर्यंत त्यांची बस पुढच्या गावात असेल. तू शास्त्रज्ञ ना? बनव की एक मिनिट.’

आणि गंमत अशी, की तिला ते पटलं. शांतता म्हणजे शेवटी काय, तर अगदी हळू आवाजातली गडबड. कुठल्या पट्टीत किती, ते मोजायचं आणि तसंच दुसरीकडून आणायचं. तिने वसतिगृहातल्या आपल्या खोलीचा आवाज भरला, गाळला, घासूनपुसून, संवादांमागे ऐकू येणाऱ्या घड्याळजींच्या खोलीच्या आवाजाच्या आलेखावर बसवला. दोन्ही रेषा एकमेकींवर अशा बसल्या की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

बुधवारी तिने ते ध्वनीच्या सरांना ऐकवलं. सर डोळे मिटून ऐकत. डोळे उघडून म्हणाले, ‘दर वाक्यानंतर हा म्हातारा शेजारच्या घरी का जातो?’

‘सर, आलेख जुळतोय.’

‘मग शुक्रवारी आलेखच लाव पडद्यावर.’

गुरुवारी सकाळी ती एकटीच घड्याळजींकडे गेली. आजोबा भिंग डोळ्याला लावून बसले होते.

‘पुन्हा बंद? अगं, मागच्या वेळची दोन अजून रुसलेली आहेत.’

‘आजोबा, एकच मिनिट.’

‘माझ्या धंद्यात एक मिनिट फार असतं, बाई.’

पण त्यांनी घड्याळं बंद केली आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तिने माइक इंच न् इंच जुन्या जागी लावला, मिनिट भरलं, धावत शाळा गाठली. फटी लिंपल्या आणि जेवणाच्या सुट्टीत सरांना पुन्हा ऐकवलं. या वेळी ते जरा जास्त वेळ डोळे मिटून राहिले.

‘खोली तीच आहे,’ ते म्हणाले. ‘पण वाक्य संपलं की ती रिकामी होते. पुढचं वाक्य आलं की भरते.’

‘म्हणजे काय, सर?’

‘ते मला सांगता येत नाही, ऐकू येतं. सांगायचं काम तुझं.’

ती जिन्यात जाऊन बसली. तीच खोली, तोच माइक, तेच अंतर, घड्याळं बंद. मग बदललं काय? एवढ्यात आईचा फोन आला. ‘जेवलीस का’ झाल्यावर तिने सगळी कर्मकहाणी ऐकवली.

‘शांतता भरायला शाळा कशाला लागते?’ आई म्हणाली. ‘तुझे बाबा रुसले की इकडे ढिगाने असते. ये आणि भरून ने.’

‘आई, मी गंभीरपणे सांगतेय.’

‘मीही. ते घरात नसले की घर गप्प असतं, आणि ते घरात असून गप्प असले तरीही घर गप्पच असतं. पण मला स्वयंपाकघरात पाठमोरी असताना कळतं, आज कुठलं आहे ते.’

मोजपट्टी जिन्यातून ताडकन उठली.

‘काय झालं? ठेवलास का फोन?’

‘आई, तू थोर आहेस. ठेवते.’

ती वसतिगृहात आली आणि खोलीतून मैत्रिणींना हाकललं. रिकाम्या खोलीत एकदा टाळी वाजवली. आवाज विरायला किती वेळ लागतो ते यंत्रावर पाहिलं. मग कॉरिडॉरमधून सात जणींना आत आणून उभं केलं आणि पुन्हा टाळी. या वेळी आवाज चांगलाच लवकर विरला. कोणीही श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नव्हता. माणसं आवाज करत नव्हती, ती तो पीत होती. चित्रीकरणाच्या दिवशी घड्याळजींच्या खोलीत आठ जण होते, आणि त्या सकाळी ती एकटी. एवढं साधं. आणि तिला ते पुस्तकातून आधीच माहीत होतं, सूत्रासकट. परीक्षेत तिने ते गणित सोडवलंही होतं. त्या गणितातली माणसं आपलीच असू शकतात, हे काही कधी सुचलं नव्हतं.

आता आठ जण जमवायचे, उद्या दुपारी बाराच्या आत. कॅमेरावाली आणि तिचे दोन मदतनीस लगेच तयार झाले. प्रकाशवाला आणि नोंदी ठेवणारी मुलगी ‘चहा पाज’वर आले. लाटसाहेब अडून बसला.

‘मी फक्त उभं राहायला येऊ? मी दिग्दर्शक आहे.’

‘तू दारात उभा होतास, भिंतीपासून चाळीस सेंटिमीटर. माझ्या वहीत आहे. आणि मिनिट बुडवा म्हणणाराही तूच होतास.’

‘तू ऐकलंस कशाला?’

‘चुकलंच माझं,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर दारोदार फिरतेय.’

तो आला.

शुक्रवारी सकाळी नऊला सगळे घड्याळजींच्या दारात. आजोबांनी भिंग वर केलं. ‘आता वरात घेऊन आलीस?’ मग त्यांनी अट घातली: घड्याळं बंद करतो, पण नंतर प्रत्येकाने चार-चार घड्याळांना चावी देऊन ती लावून द्यायची. नट परगावी होता, म्हणून त्याच्या खुर्चीवर आजोबांनाच बसवलं. मोजपट्टीने वही उघडून एकेकाला टेपने त्याच्या जागी उभं केलं. कॅमेरावाली तेव्हा वाकलेली होती, म्हणून तिला वाकवलं.

‘हललीस तर पुन्हा,’ लाटसाहेब तिला म्हणाला.

‘बोललास तर पुन्हा,’ मोजपट्टी म्हणाली आणि बटण दाबलं.

कानात हेडफोन होते. सुरुवातीला तिला काहीच वेगळं वाटलं नाही. मग हळूहळू खोली जवळ आली. कालची तीच खोली कडक आणि उंच होती. आज कोणीतरी तिच्यावर चादर टाकल्यासारखी. एकतीस काटे थांबलेले, आठ माणसं थांबलेली, आणि ती आपली ऐकत राहिली. मिनिटाची तीन मिनिटं झाली तेव्हा आजोबाच म्हणाले, ‘बाई, मला शिंक येतेय.’

चाव्या देता देता साडेदहा वाजले. शेवटचं घड्याळ तिनेच लावलं.

फिल्म बाराला सात मिनिटं कमी असताना जमा झाली. सरांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आणि डोळे उघडून विचारलं, ‘आता हा कुठे जात नाही. काय केलंस?’

तिने वही पुढे केली आणि सांगितलं. मिनिट बुडवलं होतं तेही सांगितलं.

‘पण सर, यातला एक माणूस मूळचा नाही. कुठला, ओळखा.’

‘एवढे कान असते तर मास्तर कशाला झालो असतो?’ सरांनी फॉर्मवर सही केली. यादीत पाच नावं आधीच होती. सहाव्या ओळीत त्यांनी तिचं लिहिलं. मग पेन तसंच धरून म्हणाले, ‘एक माणूस किती आवाज पितो?’

‘साधारण अर्धा चौरस मीटर उघडी खिडकी असली तर जेवढा बाहेर जाईल, तेवढा.’

सरांनी ते स्वतःच्या वहीत टिपून घेतलं.

संध्याकाळी तिने आईला जागा मिळाल्याचं कळवलं आणि खिडकीचं गणितही समजावलं. पलीकडे आई थोडा वेळ गप्प होती. बाबा घरात असावेत असं मोजपट्टीला वाटलं.

‘म्हणजे तुझे बाबा अर्धी खिडकी?’

‘साधारण.’

‘पाऊण धर,’ आई म्हणाली. ‘हल्ली जाड झालेत.’