ज्येष्ठतेनुसार मजकूर

अखिल मानवजातीच्या ज्ञानतृष्णेला शाश्वत दिशा देणारा आणि पृथ्वीच्या गर्भातली रहस्ये उलगडत विश्वकल्याणासाठी अहोरात्र झटणारा विभाग म्हणजे आमचा भूशास्त्र विभाग होय.

असं विद्यापीठाच्या वेबसाइटवर लिहिलं होतं. अहोरात्र झटणारा विभाग साडेपाचला कुलूप लावून घरी जात असे, आणि अखिल मानवजातीपैकी चौघांनी गेल्या वर्षी तिथे प्रवेश घेतला होता. त्यातला एक चुकून आला होता. त्याला भूगोल हवा होता.

तेव्हा कुलगुरूंच्या कार्यालयातून निरोप आला, की महिनाअखेरपर्यंत दहा अर्ज आले नाहीत तर विभाग बंद. कायम नोकरीतल्या चार प्राध्यापकांना रसायनशास्त्राच्या मजल्यावर खुर्च्या मिळणार होत्या. पाचवी कंत्राटावरची. तिला दार मिळणार होतं. स्वभाव भडकू म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत. अर्थात पाठीमागे, आणि जरा लांबूनच.

ठिणगीने रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नवा मजकूर लिहायला घेतला आणि नणंदेला समोर बसवलं. नणंदेने कॉलेजात तीनदा शाखा बदलली होती, त्यामुळे प्रवेशाच्या बाबतीत तिचा अनुभव दांडगा. तिने फोनवर विभागाचं जुनं पान उघडलं आणि ती ते वर सरकवत राहिली. पुष्पगुच्छ घेतलेले फोटो गेले, मनोगत गेलं, ध्येय गेलं, उपध्येय गेलं.

"वहिनी," ती शेवटी म्हणाली, "अंगठा दुखायला लागला, पण इथे शिकवतात काय ते अजून आलं नाही."

ठिणगीने मग तेवढंच लिहिलं. इथे दगड, माती आणि जमिनीखालचं पाणी शिकवतो. दोन वर्षं लागतात. आठवड्यातून एक दिवस बाहेर, आणि चिखल असतो. पुढे बोगदे, धरणं, खाणी, विहिरी अशी कामं मिळतात. गणित कच्चं असेल तर या, पहिल्या सहामाहीत पक्कं करून घेऊ. सगळं फोनच्या दीड पडद्यात बसलं. नणंद म्हणाली, हे तेव्हा वाचलं असतं तर मी आज कुठल्या तरी डोंगरावर असते. ठिणगीचा नवरा आतल्या खोलीतून म्हणाला, की विद्यापीठाने आमच्या कुटुंबाचं फार नुकसान केलं.

पण विभागाची एक रीत होती. कुठलाही मजकूर ज्येष्ठतेनुसार फिरायचा. ज्येष्ठाच्या वाक्याला कनिष्ठाने हात लावायचा नाही. कनिष्ठाच्या वाक्याला कोणीही लावावा. पहिला मान प्रमुखांचा. विद्यार्थी त्यांना प्रस्तावना म्हणत, कारण वर्ष संपलं तरी ते त्यापुढे सरकत नसत. त्यांनी आपलं मनोगत जोडलं. दुसऱ्याने ध्येय घातलं, तिसऱ्याने ध्येयामागची भूमिका. चौथ्याला काहीच सुचेना, तेव्हा त्याने चार ठिकाणी 'सर्वांगीण' घालून दिलं.

दुसऱ्या आठवड्यात कागद ठिणगीकडे परत आला, तेव्हा चिखलाचं क्षेत्रीय वास्तव झालं होतं आणि गणित कच्चं असणाऱ्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार केला जाणार होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक प्रमुखांच्या खोलीत शिरली.

"सर, हे पान वाचायचं कोणी?"

"म्हणजे काय, पाहणी समितीने. पाच वर्षांनी येते. दर वेळी खूश होऊन जाते."

"मग पाहणी समितीलाच प्रवेश घ्यायला सांगा. दहा जण असतील ना?"

"सात," प्रमुख विचार करून म्हणाले. "तीन कमी पडतील."

ठिणगीने दोन्ही हात टेबलावर टेकले. "सर, एखादी पोरगी आईबापाशी भांडून दगड शिकायला निघते. ती आपल्या दारात येते, आणि आपण तिला उंबऱ्यातच उभं करून आपलं गुणगान ऐकवतो. ती कंटाळून शेजारच्या दारात जाते. मग आपण चहा पीत म्हणतो, हल्लीच्या मुलांना शास्त्राची आवड राहिली नाही. आवड आपण मारतो, सर. सर्वांगीण मारतो."

प्रमुखांनी चष्मा पुसला. "भाषेची पातळी सांभाळा, मॅडम," ते म्हणाले.

तिने सांभाळली. दार न आपटता ती बाहेर आली आणि कॉम्प्युटरपुढे बसली. टायपिंग हे हलकं काम, म्हणून ते नेहमी शेवटच्या माणसाकडे. इतकी वर्षं तिने चौघांचं प्रत्येक 'सर्वांगीण' इमानाने टाइप केलं होतं. आज तिने जुनं पान पुसलं, आपला दीड पडदा जसाच्या तसा चढवला आणि खाली लिहिलं, 'प्रश्न असेल तर फोन करा.' विभागात फोन एकच होता, आणि तोही ज्येष्ठतेनुसार प्रमुखांच्या टेबलावर. तोच नंबर तिने ठळक अक्षरांत घातला.

मग ती बोलावण्याची वाट पाहत बसली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, कोणी चकार शब्द काढला नाही. हळूहळू तिच्या लक्षात आलं की चौघांपैकी एकानेही ती वेबसाइट आजवर कधी उघडलेली नव्हती. कागदावर आपलं वाक्य शाबूत दिसलं की त्यांचं काम संपायचं. याचा तिला आणखीच संताप आला. चोरी करावी आणि घरमालकाला पत्ताच नसावा, यासारखा अपमान नाही.

पुढच्या आठवड्यात शिपाई सांगत आला, सरांनी बोलावलंय. ठिणगी उठली. व्हरांड्यातून जाता जाता तिने चौघांसाठी चार वाक्यं तयार केली, प्रमुखांचं सगळ्यात धारदार. नोकरी जाणारच होती. निदान जाताना मोकळं होऊन जावं.

चौघेही आत होते. प्रमुखांचे केस विस्कटलेले आणि फोनचा रिसीव्हर खाली काढून ठेवलेला.

अर्ज चौदा झाले, असं त्यांनी सांगितलं. फोन सकाळपासून थांबत नाही. कोणी विचारतं बूट स्वतःचे आणायचे का, कोणाचे वडील विचारतात मुलींना बोगद्यात पाठवता का. एकीला त्यांनी पृथ्वीच्या उत्पत्तीपासून सांगायला घेतलं, तर ती म्हणाली, ते राहू द्या काका, बस कुठली ते सांगा. 'काका' हा शब्द प्रमुखांनी दोनदा सांगितला.

बाकीचे तिघे जमिनीकडे पाहत होते. ठिणगीने छाती भरून श्वास घेतला. वाक्य अगदी जिभेच्या टोकावर होतं.

"पान कोणी बदललं, माझं मनोगत कुठे गेलं, मी काही विचारत नाही," प्रमुख खालच्या आवाजात म्हणाले. "फक्त एवढं कराल का, मॅडम? दुपारी दोन ते तीन फोन करू नये, असं तेवढं खाली टाका. माझा डोळा लागतो त्या वेळात."